भाजावळ : आजीचा नियम आणि सरकारचा नियम

शिमगा आटोपला, की आपल्या रायगड जिल्ह्यात भाजावळीचे दिवस सुरू होतात. सकाळी शेताशेतांतून निळा धूर वर चढताना दिसतो. संध्याकाळी समोरच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसते. सकाळचा धूर आपला आणि संध्याकाळची रेघ दुसऱ्या कुणाची, असे आपण मानून चालतो. आम्हीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. आज त्या विस्तवाचीच हकीकत सांगणार आहोत. तिच्यात थोडा इतिहास आहे, थोडा कायदा आहे आणि आमची स्वतःची एक चूक आहे. चुकीपासूनच सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका वहिनीने आपल्या खाचरात राब भाजायला घेतला. नवरा कामाला पनवेलला, सासू गुडघ्यांनी अधू, मुलगी परीक्षेला गेलेली. वहिनी एकटीच होती. वेळ होती भर दुपारी साडेबाराची. वाऱ्याने पेटता पातेरा उचलला आणि बांधापलीकडच्या सुक्या गवतात टाकला. तिथून आग माळावर चढली. दोन घरांच्या पेंढ्याच्या उडव्या गेल्या. गटाने मिळून लावलेली काजूची चाळीस रोपे गेली. वहिनीने पदराने आग झोडपायचा प्रयत्न केला. पदर नायलॉनचा, तो वितळून हाताला चिकटला. वाडीतली माणसे धावली, हिरव्या टहाळ्यांनी आग मारत मारत वहाळापर्यंत गेली आणि तिथे ती थांबली. वहाळाच्या पलीकडे राखीव जंगल आहे.

त्या आठवड्यात गटाची बैठक झाली. बहुतेकींचे म्हणणे होते, की वहिनीकडून दंड घ्यावा. तिचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता आणि ती खाली मान घालून बसली होती. तेव्हा कोपऱ्यातून एक आजी बोलल्या, "भाजावळ एकटीने करायची असते होय? तिला एकटीला सोडलं कुणी? आणि दुपारची का भाजत होती, ते तरी विचारा."

आम्ही विचारले. वहिनी म्हणाली, "सकाळी बैठक होती ना गटाची. हजेरी चुकली की पाच रुपये दंड. बैठक सुटली, मग गेले."

बैठक आम्हीच ठेवली होती. भाजावळीच्या दिवसांत, सकाळी आठ वाजता. यावर कुणालाच काही बोलता येईना.

दंडाचा विषय तिथेच संपला आणि दुसरा विषय सुरू झाला. जुन्या बायका भाजावळ कशी करत होत्या? सरकारचे नियम काय आहेत? ते कधीपासून आहेत? आमच्यातल्या एकीचा बी. ए.ला इतिहास होता. तिने पुस्तके धुंडाळायची आणि बाकीच्यांनी वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायचे, अशी वाटणी झाली. त्यातून जे हाती लागले ते आता सांगतो.

देशावरच्या आणि शहरातल्या बहिणींसाठी आधी राब म्हणजे काय ते सांगू. भाताची रोपे जिथे करायची तो जमिनीचा तुकडा पावसाआधी भाजून घेतात. माघ-फाल्गुनात झाडांच्या बारीक फांद्या तोडतात, तिला कवळ म्हणतात. ती वाळवतात. मग त्या तुकड्यावर खाली सुके शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, म्हणजे झाडाखालचा सुका पाला, असे थर देतात. सगळ्यात वर बारीक माती भुरभुरतात. चैत्र-वैशाखात हे पेटवायचे. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरायचे आणि रोप तयार झाले की उपटून लावणी करायची. कुलाबा, ठाणे, नाशिकचा घाटाकडचा भाग, पुण्याचे मावळ, सगळीकडे ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१पर्यंत कुलाबा होते, हे जुन्या बायकांना आठवत असेलच.

या रीतीवर सरकारची नजर गेली ती दीडशे वर्षांपूर्वी. १८७८चा जंगलाचा कायदा आला. त्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले आणि राखीव जंगलात विस्तव नेणे हा गुन्हा ठरवला. ज्या झाडांची कवळ गावकरी तोडत, ती झाडे आता सरकारच्या हिशेबात आली. राबाला ऐनाची कवळ सगळ्यांना आवडे. साग-शिसवासारख्या किमती झाडांना तर हातच लावायचा नाही. चराई, लाकूडफाटा आणि कवळ, तिन्ही एकदम आखडले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने शेतकऱ्यांची गायराने कशी बळकावली याबद्दल चीड व्यक्त केली आहे, ती याच काळातली.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ साली एक आयोग नेमावा लागला. त्याला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन म्हणतात. १८८७मध्ये त्याचा अहवाल आला. राबाला कवळ कुठून तोडायची, कोणत्या झाडांची तोडायची, कुणाला सवलत द्यायची, हा त्यातला एक मोठा विषय होता. जंगल खात्याला वाटे की राबापायी झाडे बोडकी होतात. शेतकरी म्हणत की राबाशिवाय भात होत नाही. एकाच फांदीवर दोघांचा दावा, असा तो वाद होता.

मग प्रश्न आला, राब खरेच लागतो की ही नुसती सवय आहे? त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने लोणावळ्याला राबाचे प्रयोग केले. डॉ. व्होल्कर नावाचे इंग्लंडचे शेतीरसायनतज्ज्ञ १८८९ साली भारतात आले. त्यांचा अहवाल १८९३मध्ये छापला गेला. त्यात राबाचा विचार आहे आणि शेतकरी हे उगाच करत नाही, त्याला कारण आहे, हे मान्य केले आहे. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजात डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर यांनी पुन्हा अभ्यास केला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसले, की राबाचा फायदा नुसत्या राखेचा नाही. जमीन तापल्याने मातीतच बदल होतो आणि तो रोपाला मानवतो. शिवाय तणाचे बी जळते. लावणीच्या दिवसांत बेणणीला कमी वाकावे लागते, हे बायकांना प्रयोगशाळेशिवायही ठाऊक होते.

ही माहिती वाचून आम्हाला बरे वाटले. आपल्या सासवा-आजेसासवा अडाणीपणाने आग लावत नव्हत्या, हे छापील कागदावर सापडले. पण आणखी एक गोष्ट जाणवली. तो सगळा वाद झाडाचा, हक्काचा आणि उत्पन्नाचा होता. डोक्यावरून कवळीचे भारे कोण आणते, ढेकळे कोण फोडते, आगीच्या तोंडाशी कोण उभी राहते आणि धूर कुणाच्या छातीत जातो, हा त्या वादाचा विषयच नव्हता. नियम झाले ते फांदी कुठली तोडावी याचे. विस्तव कसा सांभाळावा याचे नियम बायकांच्या तोंडातच राहिले.

ते कोणते? वाडीतल्या आजींनी सांगितले ते त्यांच्या शब्दांतले सार असे.

भाजावळ सड्याच्या वेळी, म्हणजे उजाडता उजाडता करायची. सूर्य डोक्यावर यायच्या आत घरी परतायचे. भाजावळीला वाडी मिळून जायचे, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. खाचराच्या कडेचे गवत आदल्या दिवशी खरवडून काढायचे. राबावर माती घातल्याशिवाय काडी लावायची नाही. वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश मागे सरकते, पळत नाही. आणि शेवटी राखेतून काठी फिरवून बघितल्याशिवाय जागा सोडायची नाही.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. आपल्याकडे रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो मंद असतो. पहाटे दव असते, गवत किंचित ओले असते. ऊन चढले की जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो दुपारी जोर धरतो आणि त्याचे तोंड पूर्वेला, म्हणजे थेट डोंगराकडे असते. आग चढावर नेहमीच वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जाते. दुपारचा वारा आणि डोंगराचा चढ एकत्र आले, की बांधावरची ठिणगी तासाभरात कड्यापर्यंत जाते. वहिनीच्या राबाचे तेच झाले. राबावरच्या मातीच्या थरालाही कारण आहे. त्याने पातेरा उडत नाही, आग धुमसत राहते आणि जमीन खोलवर तापते. म्हणजे जे रोपाला चांगले, तेच सुरक्षितही. मॅनसाहेबांच्या अभ्यासाआधी कितीतरी पिढ्या बायकांनी हे दोन्ही एका मुठीत धरले होते.

मग ही रीत मोडली कशी? आमच्या मते तीन गोष्टी घडल्या. पहिली, माणसे कमी झाली. पुरुष मुंबई-पनवेलला, कंपनीत, बांधकामावर गेले. सून घरात एकटी उरली. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे हे चालायला आधी 'तू' आणि 'मी' घरात असावे लागतात. दुसरी, वेळ राहिला नाही. सकाळी शाळेचा डबा, अंगणवाडी, रोजगार हमीचे काम, बँक, आणि आमच्यासारख्यांच्या बैठका. भाजावळीची पहाट या सगळ्याने खाऊन टाकली. तिसरी, जळणारी वस्तू बदलली. पूर्वी घरात-शेतात न कुजणारे असे काही नव्हतेच. आता त्याच राबात प्लॅस्टिकच्या पिशव्या, खताच्या गोणी, गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या जातात. पातेऱ्याबरोबर झाडून आणले, ते सगळे पेटवले.

इकडे सरकारचा नियम आपल्या वाटेने चालत राहिला. १९२७ साली जंगलाचा नवा कायदा झाला आणि तो आजही लागू आहे. त्याच्या २६व्या कलमाप्रमाणे राखीव जंगलाला आग लावणे, किंवा जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवून सोडून देणे हा गुन्हा आहे. त्याला कैद आहे, दंड आहे आणि नुकसानभरपाईही आहे. याच कलमात एक पोटकलम आहे, ते प्रत्येक बाईने ऐकावे असे आहे. जंगलाला जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकते. म्हणजे काडी एकीची आणि गवत, लाकूडफाटा, हिरडा, मोह बंद सगळ्या गावाचा. आजी बैठकीत म्हणाल्या होत्या की एकटीला का सोडले. कायदाही वेगळ्या तोंडाने तेच सांगतो, की ही एकटीची गोष्ट नाही.

कलम ७९ही लक्षात ठेवा. जे लोक राखीव किंवा संरक्षित जंगलात हक्क वापरतात, त्यांनी आगीची खबर वनाधिकाऱ्याला किंवा पोलिसाला देणे आणि आग विझवायला हात लावणे, हे त्यांचे कर्तव्य आहे. वणवा दिसला आणि आपण दार लावून घेतले, असे चालत नाही.

नियम आणि माणसे यांची गाठ आपल्या जिल्ह्यात एकदा फार वाईट पडली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसे मेली. तो लढा आगीचा नव्हता, जंगलावरच्या हक्काचा होता. पण त्यातून एक गोष्ट आपल्या भागात खोल रुजली. जंगल त्यांचे, आपले नाही. जे आपले नाही ते जळाले तर माणूस लांबून बघतो. ही भावना आज बदलायला जागा आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने वनहक्क मिळालेल्या गावांच्या ग्रामसभेला जंगल, पाणी आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेत बसून आगीचे नियम ठरवायला आपल्याला कुणी अडवत नाही.

जंगलाबाहेरही कायदा आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २८७व्या कलमाप्रमाणे आगीच्या बाबतीत बेफिकिरी करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपले शेत, आपली काडी, म्हणून सुटका नाही. आणि कचऱ्याचे म्हणाल, तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. अंगणात प्लॅस्टिकचा ढीग पेटवणे ही साधी गोष्ट राहिलेली नाही. त्या धुराची शिक्षा तर त्याही आधी मिळते. चुलीपुढे आणि ढिगापुढे सगळ्यात जवळ आपणच असतो, आणि कडेवर मूल असते.

आता आमच्या गटाने काय ठरवले ते सांगतो. आजींचे नियम आणि कायद्याचे नियम समोरासमोर ठेवले, तेव्हा दोघांत भांडण फारसे नव्हते. ते एका कागदावर लिहिले आणि ग्रामसभेत वाचून दाखवले.

पहिला नियम, एकटीने भाजायचे नाही. किमान चौघी. त्यातली एक फक्त पहारा करणार, तिच्या हातात दुसरे काम द्यायचे नाही. भाजावळीच्या पंधरवड्यात गटाची बैठक संध्याकाळीच होईल.

दुसरा, आदल्या दिवशी सांगायचे. शेजारच्या शेतवाल्याला, पोलीस पाटलांना आणि जंगल जवळ असेल तर वनरक्षकाला. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वन खाते वणव्याचा काळ धरते, जाळरेषा काढते आणि पहारा ठेवते. आपण आधी कळवले, तर धूर दिसल्यावर त्यांची धावपळ वाचते. त्यांनी आज नको म्हटले, तर आज नको. आणि राखीव जंगलात काडी न्यायचीच नाही, याला अपवाद नाही.

तिसरा, उजाडताना पेटवायचे आणि नऊच्या आत विझवायचे. वारा सुटला, तर अर्धा राब राहिला तरी माती लोटून थांबायचे.

चौथा, चारी बाजूंनी दहा फूट जमीन उघडी करायची. गवताची काडी राहता कामा नये. पेंढ्याची उडवी, गोठा, विजेची तार आणि आंब्या-काजूची झाडे यांच्याजवळ राब लावायचाच नाही.

पाचवा, पेटवण्याआधी पाणी भरलेले हंडे, फवारणीचा स्वच्छ धुतलेला पंप, मातीचा ढीग, फावडे आणि हिरव्या टहाळ्या जागेवर हव्यात. मग काडी. रॉकेल किंवा पेट्रोल टाकून पेटवायचे नाही. त्याचा भडका सरळ तोंडावर येतो.

सहावा, तुकड्या-तुकड्याने भाजायचे, वर माती घालून, आणि वारा जिकडे जातो त्या टोकापासून.

सातवा, राबात फक्त झाडाचे आणि गोठ्याचे. प्लॅस्टिक, रबर, चिंध्या, औषधाचे डबे वेचून बाजूला. बंद डबा आगीत फुटतो, हे आमच्या वाडीने पाहिले आहे.

आठवा, अंगावर सुती कपडा. पदर खोचलेला, केस बांधलेले, पायांत चप्पल-बूट. मुले, गरोदर बाई आणि दम्याचे माणूस धुराच्या वाटेवर नको.

नववा, राख हाताला थंड लागल्याशिवाय जायचे नाही. पाणी शिंपडायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा शिंपडायचे. शेणाचा निखारा आणि झाडाचे खोड आतून फार वेळ धुमसते. म्हणून संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी.

आणि एवढे करूनही आग सुटलीच, तर? आधी माणसे, मग माल. लहान असेल तर कडेने झोडपून मारायची. ज्वाळा कमरेच्या वर गेली, की बाजूला व्हायचे आणि फोन करायचा. वन खात्याचा १९२६, अग्निशमनचा १०१, कुठलीही मदत हवी तर ११२. आगीच्या पुढे चढावर पळायचे नाही, ती आपल्यापेक्षा वेगाने चढते. जमेल तेव्हा आधीच जळून काळ्या झालेल्या जागेत किंवा वहाळात जायचे. कपड्याने पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा, वर जाड गोधडी किंवा घोंगडी टाका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहा. हळद, राख, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. १०८ला फोन करून दवाखाना गाठा. वहिनीच्या हाताला आम्ही घाईत हळद भरली होती. डॉक्टरांना ती आधी धुवून काढावी लागली आणि तिचे कळवळणे आम्ही बाहेर बसून ऐकले. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो.

राब भाजायलाच हवा का, हेही आम्ही विचारले. आता दुसऱ्या वाटा आहेत. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात आणि खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडतात. गिरिणीतले तूस पुरते, कवळ तोडावी लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात तर रोप करून लावणीच नाही, बी सरळ गादीवाफ्यावर टोकायचे. त्यात तणनाशक वापरतात, तेव्हा पूर्ण माहिती घेऊन, हातमोजे घालूनच ते काम करावे. आमच्या गटातल्या सहा जणींनी गेल्या वर्षी तुसाच्या राखेवर रोप केले. रोप चांगले आले. पातेरा त्यांनी खड्ड्यात कुजवला. बाकीच्या अजून राब भाजतात, आणि त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. तण किती कमी येते हे ज्या बाईची कंबर सांगते, तिला नुसते 'बंद कर' म्हणून चालत नाही. आधी दुसरे काही हातात द्यावे लागते. देशावर उसाचे पाचट जाळणाऱ्या बहिणींनाही हेच लागू. खोडव्यात पाचट सरीत ठेवून कुजवले तर ओल टिकते, हे एका सरीत करून बघा आणि मग ठरवा.

गेल्या चैत्रात वहिनीच्या राबाला आम्ही सात जणी गेलो होतो. तिच्या हाताची कातडी अजून ताणते, मूठ पूर्ण मिटत नाही. तिलाच पहाऱ्याला उभे केले. नऊला दहा मिनिटे कमी असताना वारा फिरल्यासारखा वाटला. वहिनी ओरडली, "बस, माती घाला!" एक तुकडा भाजायचा राहिला होता. कुणी कुरकुर केली नाही. माती लोटली, पाणी मारले, राख ढवळली आणि बांधावर बसून चहा प्यालो. उरलेला तुकडा दुसऱ्या पहाटे भाजला.

काजूची चाळीस रोपे आम्ही पुन्हा लावली आहेत. तुमच्या वाडीत भाजावळीचे कोणते जुने नियम आहेत, ते तुमच्या आजींना विचारा, लिहून काढा आणि येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा. वाचताना तुमच्या गटाच्या बैठकीची वेळही एकदा तपासा.